खंडेनवमीची नळी

माझ्या सासूबाईंना लिफ्टची भीती वाटते, सरकत्या जिन्याची वाटते, इथल्या कुत्र्यांची तर विचारूच नका. बंदुकीची मात्र वाटत नाही. साताऱ्याकडच्या त्यांच्या घरात सासऱ्यांची बारा बोअरची दुनळी होती, रीतसर परवान्याची. वर्षातून एखाद्या वेळी रानडुकरं पळवायला हवेत बार काढायचे, एवढंच तिचं काम. पण निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागल्यावर परत आणायची, हा तिकडचा नियम. तेवढे दिवस सासूबाईंचा जीव थाऱ्यावर नसायचा. "तिला तिथं कोण पुसतंय?" म्हणायच्या. घरी आली की आधी फडक्यानं स्वच्छ पुसायची, हळदीकुंकू लावायचं, मग खुंटीवर. आणि खंडेनवमीला पाटावर कोयता, विळी, सासऱ्यांची पक्कड यांच्या रांगेत पहिला मान तिचा.

हे आधी सांगते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही आम्हा सगळ्यांना खुळ्यात काढाल.

आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो, गेर्लिंगेनच्या पलीकडच्या एका गावात. नवरा इंजिनिअर. कॉलेजात एनसीसीमध्ये नेमबाजी केलेली, ती खाज इथे आल्यावर पुन्हा उठली. गावातल्या नेमबाजांच्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात, नाव घातलं. सराव, परीक्षा, चौकशा, असं सगळं झाल्यावर कुठे त्याला शस्त्र बाळगण्याचं कार्ड मिळालं आणि त्यावर एक नऊ मिलिमीटरचं पिस्तूल नोंदलं गेलं. घरात लोखंडी कपाट आलं, भिंतीत बोल्ट ठोकून बसवलेलं. त्याचा आकडा फक्त त्यानं ठेवायचा, बायकोलाही सांगायचा नाही. "बँकेचा पिन मला चालतो, आणि या डब्याचा आकडा नाही?" मी भांडले. "या, गेनाऊ. नाही," म्हणाला; इथल्या भाषेत 'हो, अगदी बरोबर'. शिस्तीचा माणूस. रिकाम्या रस्त्यावरही लाल सिग्नलला उभा राहणारा.

मग एका हिवाळ्यात ऑफिसला जाताना बर्फावरून त्याची सायकल घसरली. उजव्या मनगटाचा चुरा झाला. पट्ट्या बसवल्या, स्क्रू बसवले, हाड जुळलं. बोटांत मात्र जोर येईना. चहाचा कप धरला की कप थरथरायचा आणि मी दुसरीकडे बघायचे. पिस्तुलाचा मागे बसणारा धक्का त्या मनगटाला सोसणं शक्यच नव्हतं. तो आजारपणाच्या रजेवर घरी बसला, म्हणजे खरोखर बसला. खिडकीशी, खुर्चीत. विचारलं तर उत्तर, नाहीतर तेही नाही. डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू दाबायचा व्यायामसुद्धा करीना. मी ओरडले, रडले, एकदा तर तो चेंडू त्याच्या अंगावर फेकला. काही उपयोग नाही. रोज संध्याकाळी ऑफिसमधून येताना किल्ली लावायच्या आधी मी दारातच थांबायचे. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत विझत चालला होता आणि मला काही म्हणता काही करता येत नव्हतं.

त्याला खुर्चीतून उठवलं ते फेराइनच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी. एक दिवस घरी आले, केक खाल्ला आणि म्हणाले, पिस्तूल तेच ठेव, बोअर बदल. मूठ आणि खालचा सांगाडा तोच. वरची नळी, तिच्यावरचा सरकता भाग आणि मॅगझिन एवढं नवीन बसवायचं. मग त्यातून बारीक, पॉइंट टू-टूची काडतुसं उडतात. धक्का जवळजवळ नाहीच. लहान बोअरकडे जायला नवीन परवानगी लागत नाही, पण तो संच कार्डावर वेळेत नोंदवायचा. आणि कायद्याच्या नजरेत ती नुसती नळीसुद्धा अख्ख्या बंदुकीइतकीच. तिलाही कुलूप, तिलाही कपाट.

संच आला, नोंद झाली. पहिल्या गुरुवारी तो सराव करून आला तेव्हा मी दार उघडलं, तर गडी शीळ घालत उभा! "निशाणाच्या काळ्यात गेल्या गोळ्या," म्हणाला. "सगळ्या नाही. पण गेल्या." त्या रात्री तीन पोळ्या खाल्ल्या आणि रबरी चेंडू स्वतः शोधून काढला, सोफ्याखालून. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. त्यानंतर तो आठवडाभर गुरुवारची वाट बघायचा. पुढे पुढे फोन उजव्या हातात धरायला लागला. कामावर परत जाण्याची भाषा करायला लागला. माझा नवरा मला त्या वीतभर नळीनं परत दिला होता, असं म्हटलं तर त्यात काडीची अतिशयोक्ती नाही.

त्याच शरदात सासूबाई आल्या. लेकाचा हात बघायला.

नवरात्रात त्यांनी विषय काढला. "नवमीला ते नवं आलंय ते पाटावर ठेव."

"आई, इथे नाही चालत. कपाटातच राहायला पाहिजे."

"मग कपाटाची पूजा करू होय?"

तो हसला. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी मनातलं बोलून टाकलं. "इतकी वर्षं हत्यार घरात ठेवलंस आणि एका नवमीला त्याला दोन फुलं वाहिली नाहीस. म्हणून हात गेला तुझा. आता त्यानंच हात परत दिलाय, तर पुन्हा तेच करतोस?" आणि तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, "अहो आई, असं काही नसतं हो." पण नवऱ्याचा चेहरा पडला होता. ज्या माणसानं कित्येक महिने खिडकीत बसून 'माझ्याच नशिबी का' हाच विचार केलेला, त्याला आईचं ते बोलणं कुठे लागलं असेल!

त्यानं अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, आल्झो, हे बघ, साफ करायला आपण बाहेर काढतोच. तू स्वतः शेजारी, हाताच्या अंतरावर असशील तर बाहेर राहू शकते. पण उठायचं नाही. उठलास तर आधी कपाटात. तो घरीच होता, रजा मी टाकली. ठरलं असं की पिस्तूल कपाटातच राहील; फक्त नवी नळी आणि सरकता भाग पाटावर येईल, तो समोर चटई टाकून बसेल, आणि संध्याकाळचा दिवा झाला की वस्तू आत. एरवी पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, पण सासूबाईंनी तेवढं सोडलं.

नवमीला पाटावर लाल कापड, त्यावर नळी, शेजारी माझी सुरी, त्याचा स्क्रू ड्रायव्हरचा डबा आणि लॅपटॉप. सासूबाईंनी झेंडू वाहिला, बोटानं ठसठशीत कुंकू लावलं. नवरा मांडी घालून समोर, राखणीला बसल्यासारखा. पाणीसुद्धा त्याला मी नेऊन दिलं. मी स्वयंपाकघरात कडाकण्या तळत होते. किती दिवसांनी घरात सणासारखं वाटत होतं!

आणि बेल वाजली. सासूबाईंनी दार उघडलं, तर खालच्या मजल्यावरच्या बाई. आमच्या दारावर केरवोखेची पाटी टांगलेली, म्हणजे त्या आठवड्यात जिना आणि दारापुढची वाट झाडायची पाळी आमची. वाटेवर ओली पानं पडलीत, कोणीतरी घसरून पडेल, बाईंनी ऐकवलं. मी कढईवरून ओरडले, "तू नको उठूस, मी करते नंतर!" पण घसरून पडणं हा शब्द त्याच्यासमोर काढायला नको होता. "दोन मिनिटं," म्हणाला. "आणि झाडू मीच मारणार. आता हात चालतो माझा." मी झारा ठेवेपर्यंत जिन्यावरून त्याची पावलं ऐकू आली.

शस्त्रांच्या ऑफिसचे लोक न सांगता तपासणीला येतात, हे आम्हाला माहीत होतं. एवढ्या वर्षांत एकदाच आले होते. ते त्याच दोन मिनिटांत आले. एक बाई, एक माणूस. खाली वाटेवर माझा नवरा उजव्या हातात झाडू धरून पानं गोळा करत होता. ओळखपत्रं दाखवून त्यांनी विचारलं, कपाट बघता येईल का? आज सोयीचं नाही, असं म्हणता आलं असतं. पण हा बाबा लाल सिग्नलला थांबणारा! "बिट्टे, या ना," म्हणाला आणि त्यांना वर घेऊन आला.

मी हातातला झारा घेऊन बाहेर आले तर हॉलमध्ये सासूबाई एकट्या. पाटासमोर बसून, नळी हातात घेऊन, हळद कोपऱ्यात नीट लागली नव्हती ती लावत होत्या. तपासणीच्या बाईंनी विचारलं, या कोण? यांच्याकडे कार्ड आहे का? मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सुरू केलं, हा सण आहे, हत्यारांना आम्ही नमस्कार करतो, त्या म्हाताऱ्या आहेत, दोनच मिनिटं झाली. "खोटं बोल रे, आत्ताच उठलो म्हण," मी मराठीत कळवळून म्हटलं. त्यानं सगळं खरं सांगितलं, वेळेसकट. सासूबाईंना वाटलं पाहुणे आलेत. त्यांनी ताटलीत कडाकण्या आणल्या. माणसानं एक घेतली, बाईंनी मान हलवून नको म्हटलं. त्या उद्धट नव्हत्या. उलट जाताना हळूच म्हणाल्या, मला समजतंय, पण मला हे लिहावंच लागेल.

कार्ड रद्द झालं. मी वकील केला. अध्यक्षांनी पत्र लिहिलं, हाताच्या डॉक्टरांनी लिहिलं. ऑफिसात जाऊन मी त्या बाईंसमोर अक्षरशः हात जोडले. म्हटलं, तुम्हाला माहीत नाही तुम्ही माझ्या घरातून काय नेताय. त्यांनी मला पाण्याचा ग्लास दिला. नियम तोच राहिला. पिस्तूल आणि नळी, दोन्ही विक्रेत्याकडे द्यावी लागली. दुकानदारानं सरकत्या भागाच्या खाचांत बघून विचारलं, गंज आहे का हा? नवरा म्हणाला, नाही, रंग आहे. रुमाल काढून तिथेच काउंटरवर तो एकेक खाच पुसत बसला.

सासूबाईंनी विचारलं, "कुठं नेलं?"

मी तोंड उघडलं होतं. खरं सांगते, त्या क्षणी मी सगळं बोलून टाकणार होते, इतकी आग झाली होती अंगाची. पण तो आधी बोलला. "निवडणूक आहे आई इथे. जमा करायला लागते."

"हां हां," त्यांचा जीव भांड्यात पडला. "सगळीकडं सारखंच की मग! पुसून ठेव म्हणावं त्यांना."

त्या परत गेल्या. खुर्ची पुन्हा खिडकीशी गेली. फेराइनवाले बोलवायचे, नुसता बसायला ये म्हणायचे. तो गेला नाही. चेंडू कुठे आहे मला माहीत आहे. मी आता तो शोधत नाही.

परवा सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "टीव्हीवर सांगितलं, झाली म्हणे तिकडची निवडणूक. दिली का परत?"

"दिली, आई," तो म्हणाला.

"मग दाखव की जरा!"

"कपाटात आहे. बाहेर नाही काढायची."

"बरोबर, बरोबर. नियम पाळ बाबा. मागच्या खेपेला मीच हट्ट केला, आता न्हाई करायची." मग स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या, नुसते डोळे दिसायला लागले. "आणि हात कसा आहे रे?"

"मस्त आहे आई," तो म्हणाला.

फोन त्यानं डाव्या हातात धरला होता.