वस्तादांची बंडी

"काय बी करा बाई, बंडी काढनार न्हाई," असं म्हणून भिवा वस्ताद न्हाणीच्या दारातच अडून बसले.

नगरजवळच्या एका मिशन इस्पितळात तेव्हा पुरुषांचा वॉर्ड माझ्याकडे होता. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. माझा नियम साधा होता: आधी अंघोळ, मग इस्पितळाचे कपडे, मग खाट. तो सगळ्यांना सारखाच लागू.

वस्ताद नगर जिल्ह्यातल्याच अकोले गावाकडच्या तालमीत पोरांना कुस्ती शिकवायचे. मनगटं नि गुडघे सुजून ठणकत होते. गावाकडच्या सगळ्या वैद्यांनी सांधेवात ठरवून लेप दिले होते. तालमीत जाणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

मला एक गोष्ट खटकली. जन्मभर लंगोटावर आखाड्यात उभा राहिलेला माणूस बंडीला एवढा का चिकटतो?

"मी बाहेर थांबते. याकोब अंघोळ घालील. पण त्याशिवाय खाट नाही."

"लई हट्टी हाय तुमी."

"व्हय," मी म्हटलं.

याकोब आमचा जुना वॉर्डबॉय. एरवी कशालाही हसायचा. बाहेर आला तो गंभीर चेहऱ्यानं.

"सिस्टर, डॉक्टरसाहेबांना बोलवा. वस्तादांची छाती बाईमाणसासारखी वाढलीय."

डॉक्टरांनी आधी छाती पाहिली, मग बोटं. बोटांची टोकं फुगून गोल झाली होती.

"खोकला?"

"हाय थोडा. बिडीचा."

"वस्ताद असून बिडी?"

"पोरांच्या माघारी."

अशी बोटं दिसली की फुप्फुस तपासायचं, म्हणत त्यांनी लगेच छातीचा एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसात लिंबाएवढी गाठ दिसली.

"दुखतात सांधे आणि गाठ फुप्फुसात?" मी विचारलं.

"शरीरातल्या ग्रंथी रक्तात रस सोडतात. त्यांना हार्मोन म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्या हुकमानं अंग वाढतं, घटतं. फुप्फुसाचं ते काम नव्हे. पण काही गाठी विनापरवाना असला रस गाळत असाव्यात."

"म्हणजे हातभट्टी."

"तसंच समजा. खात्री कुणालाच नाही. भट्टी मोडली की कळेल."

मग डॉक्टरांनी वस्तादांना सगळं समजावलं.

"छाती फाडल्यावर मेलो तर?"

"तो धोका आहे. पण गाठ तशीच ठेवली, तर ती जगू देणार नाही."

"आन वाचलो तर हे छातीचं सोंग जाईल?"

"बहुतेक जाईल."

"मग कापा."

ऑपरेशन मुंबईला झालं. गाठीसकट फुप्फुसाचा तो भाग काढला. सोबत गेलेला याकोब परतला तो हसतच. वस्तादांनी शुद्धीवर आल्यावर आधी मूठ वळून पाहिली होती. पुढच्या दोन-चार दिवसांत मनगटाचा ठणका पार गेला. छातीला मात्र काही महिने लागले.

उरुसांचे दिवस आले तेव्हा वस्ताद स्वतःच्या पायांनी वॉर्डात आले. सगळ्यांदेखत बंडी काढून याकोबच्या खांद्यावर टाकली आणि शड्डू ठोकला. पाठीपासून काखेखाली लांब व्रण होता. छाती सपाट होती.

"बाई, न्हाणी कुठं हाय?"

नव्या नर्स आल्या की मी एवढंच सांगते: दुखणं गुडघ्याचं असलं तरी अंघोळ सबंध माणसाला घालायची.