लग्नातली बिननावाची सायकल

लग्नात मला कंपनीची सायकल हवी होती. मिळाली ती बिननावाची. लांबोडकी, पुढं-मागं कॅरिअर, दूरच्या प्रवासाला निघावी तशी. पट्टी नाही, शिक्का नाही, नंबर नाही. मी मांडवातच तोंड वाकडं केलं. मेहुणा समोर उभा होता. इगतपुरीला फिटर होता तो. चार माणसांत त्याला विचारलं, "नंबर घासून आणली काय रे? कुठून उचललीस?" माणसं हसली. तो मान खाली घालून गप्प. मी समजलो, चोर आहे म्हणून गप्प आहे.

महिन्याभरानं बायको म्हणाली, "दादानं स्वतः जोडलीय ती. त्र्यंबकच्या रस्त्यावर एका गोऱ्या माणसाची सायकल मोडली होती, ती यानं दुरुस्त केली. तिच्यावरून मापं घेतली."

"सायकल म्हणजे काय भाकरी आहे, घरी थापायला?"

तिनं पुन्हा विषय काढला नाही. मेहुणा माझा उंबरा कधी चढला नाही. भाऊबीजेला ती एकटीच इगतपुरीला जायची. त्याच सायकलवर मी ओझरच्या कारखान्यातली सगळी नोकरी काढली. एक सांधा सुटला नाही. तरी माझं डोकं चाललं नाही.

बायकोला जाऊन दहा महिने झाले. मेहुणा अमरधामात आला, लांब उभा राहिला आणि तिथूनच परत गेला.

गेल्या पंधरवड्यात सायकल भद्रकालीतल्या एका जुन्या मिस्त्रीकडं नेली. म्हटलं, कुणाची बनावट ते सांग. मनात अजून हेच, की चोरीची निघाली तर मी खरा ठरेन. लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

मिस्त्रीनं सांध्यावरचा रंग खरवडला. "कंपनीची नाही काका. पितळेनं जोडून हातानं घासलीय. कानशीचे ओरखडे बघा, उलटे पडलेत. डावखुऱ्याचं काम."

"चोरीची असेल?"

"चोर एवढं बसून घासतो का?"

मेहुणा डावखुरा. मांडवात डाव्या हातानं वाढत होता, त्यावरही मी हसलो होतो.

घरी येऊन विळी उलटी केली. तीही त्यानंच बहिणीला करून दिलेली. पात्याच्या मुळाशी तेच उलटे ओरखडे. इतकी वर्षं ती रोज विळीवर बसायची, माझ्या डोळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी विळी टॉवेलात गुंडाळून इगतपुरीला गेलो. मेहुणा ओट्यावर बसला होता.

"सायकल तूच केलीस," मी म्हणालो. "मी तुला चोर म्हणालो. चुकलं माझं."

"हे तिला बोललात का, दाजी?"

"नाही."

मीच विचारलं, "मांडवात का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला कंपनीची पाहिजे होती. घरची म्हटलं असतं तर पाटावरून उठला असता तुम्ही."

उठलो असतो. खोटं कशाला बोलू?

त्यानं विळीवरचा टॉवेल सोडला, पात्यावर अंगठा फिरवला. "धार गेलीय. कोण वापरतं?"

"मीच. कांदा चिरतो."

"चिरता कसला, चेंदता," म्हणत तो आतून कानस घेऊन आला. विळी पायाखाली दाबली आणि डाव्या हातानं घासायला लागला. मी बघत बसलो. एका भाऊबीजेला जरी तिच्याबरोबर आलो असतो, तरी हा हात मला दिसला असता. आणि मला दिसला, हे तिला दिसलं असतं.