चित्राला ठेवलेलं फूल

जास्वंदीच्या फुलाच्या अगदी जवळ मोबाइल नेला की पाकळीवरच्या शिरा दिसतात, परागांचे पिवळे ठिपके दिसतात, वाट चुकलेली एखादी मुंगीसुद्धा दिसते. संध्याकाळी फूल मिटतं, म्हणून सकाळी फोटो काढायचा आणि दुपारी त्यावरून जलरंगात चित्र करायचं, ही माझी जुनी सवय.

बायको होती तेव्हा मी उठेपर्यंत झाडावर एकच फूल उरलेलं असायचं. बाकीची देवघरात गेलेली.

“अहो, एक तुमच्या चित्राला ठेवलंय हं!” ती आतून ओरडायची.

ते नेमकं किडीनं कुरतडलेलं असायचं. मी चिडायचो. “चांगली सगळी देवाला, आणि किडकं मला?”

“देवाला किडकं चालत नाही. तुम्हाला चालतं.”

चालायचं खरंच. माझ्या प्रत्येक चित्रात पाकळीला एक भोक आहे आणि त्यातून मागच्या पानाचं हिरवं डोकावतं.

ती गेल्यापासून देवापुढे मी नुसता दिवा लावतो. फुलं तोडवत नाहीत. सकाळी झाड लालभडक असतं. मी एकेका फुलापाशी वाकतो, फोटो काढतो, मोठा करून बघतो. चांगली असतात, किडकीही असतात. दुपारी कागद ओला करून बसतो आणि तो तसाच कोरा वाळून जातो. यातलं कुठलं रंगवायचं, तेच कळत नाही.

एवढी फुलं, आणि आता सगळी माझीच. त्यातलं एकही माझ्यासाठी ठेवलेलं नाही.