मागचे रुंद, पुढचे अरुंद

गोपीनाथ सावे यांच्या अंगणात दोन मापांची चाकं असलेली गाडी यावी, हा त्यांच्यावर उघडउघड अन्याय होता. आणि तो दुसऱ्या कुणी नाही, पोटच्या मुलाने केलेला.

चौतीस वर्षं या माणसाने रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन खात्यात चाकं तपासली. मालगाडी यार्डात येऊन उभी राहिली की हातोडी, टॉर्च आणि मापाची पट्टी घेऊन हे डब्यांखाली वाकणार. एका आसावरच्या दोन चाकांत जरा फरक दिसला, कड झिजलेली दिसली, की खडूने डब्यावर ‘सिक’ लिहून मोकळे. म्हणजे डबा आजारी, काढा गाडीतून. मग स्टेशनमास्तर हात जोडोत की कंट्रोलवाले फोनवर शिव्या घालोत, लिहिलेलं पुसलं जायचं नाही. यार्डात त्यांना ‘सिक सावे’ म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक नाही असा सगळ्यांचा समज होता. त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

निवृत्तीनंतर ते नरपडच्या रस्त्यावर घर बांधून राहिले. दारात एक जुनी छोटी गाडी होती. दर पाच हजार किलोमीटरला तिचे टायर पुढचे मागे, मागचे पुढे करायचे, स्टेपनीलाही त्यात पाळी द्यायची, हा त्यांचा नेम. ‘माझ्या गाडीचे पाचही टायर एकाच दिवशी म्हातारे झाले,’ हे ते आल्यागेल्याला चहाबरोबर सांगत. पाहुणे मान डोलवत आणि बिस्किट घेत.

अशा घरात त्यांच्या मुलाने, ललितने, ती जर्मन गाडी आणली. ललित वापीच्या कारखान्यात इंजिनियर. मुंबईच्या दलालाकडून आठ वर्षं जुनी स्पोर्ट्स सेडान उचलली, काळी, बुटकी, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याशी जातीने ओळख करून घेणारी. त्याच्या आईने, मनोरमाबाईंनी, ओवाळलं, नारळ फोडला. गोपीनाथ मात्र नारळाच्या पाण्यातच गुडघे टेकून मागच्या चाकाशी बसले होते.

“ललित, हे मागचं चाक पुढच्यापेक्षा रुंद आहे.”

“असतंच बाबा. स्टॅगर्ड सेटअप म्हणतात त्याला. इंजिन मागची चाकं फिरवतं ना, म्हणून तिथे रबर जास्त.”

“मग अदलाबदल कशी करायची?”

“करायचीच नाही.”

“स्टेपनी?”

“या गाडीला नसते.”

गोपीनाथ उठले आणि घरात गेले. त्या रात्री ते जेवले खरे, पण भाजी कसली होती ते त्यांना सांगता आलं नसतं.

खरी कटकट जूनच्या शेवटी सुरू झाली. मागचे दोन टायर झिजत आले. पुढचे चांगले होते. आता घ्यायचं काय? ललितचं म्हणणं, कंपनीने दिलं तसंच ठेवायचं, दोन नवे रुंद टायर मागवायचे. ते इथे कुठे मिळत नव्हते. मुंबईहून यायचे, त्यालाही दोन आठवडे लागायचे. गोपीनाथांचं म्हणणं, मागच्या रिम बदला आणि चारही टायर पुढच्या मापाचे घाला. कुठलंही चाक कुठेही लागेल, डिकीत एक जादा टाकता येईल, तलासरीत दोन दिवसांत मिळेल. ललित म्हणे, तसं केलं तर वळणावर गाडीची मागची बाजू हलकी पडते. गोपीनाथ म्हणत, रुंद टायर पाण्यावर तरंगतो, आणि आपल्याकडे चार महिने रस्त्यावर पाणीच असतं. ललित मोबाइलवर परदेशी माणसांचे व्हिडिओ दाखवायचा. गोपीनाथ वहीत आकृत्या काढायचे. दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं, म्हणून तर भांडण मिटेना.

“अहो, टायर आहेत की जावई शोधताय?” मनोरमाबाई एकदा वैतागून म्हणाल्या. “दोन महिने झाले, दुसरा विषय नाही घरात.”

पण गोपीनाथांचा जीव टांगणीला लागला होता, आणि ते त्यांना कुणाला सांगता येत नव्हतं. ललित वापीला ट्रेनने जायचा. गाडी चालवायची ती श्रुतिका, त्यांची सून. ती तलासरीजवळच्या शाळेत विज्ञान शिकवायची. रोज बोर्डीवरून झरीच्या रस्त्याने जाऊन येऊन. दुपारी साडेतीन वाजले की गोपीनाथ फाटकापाशी चिकूच्या झाडाची पानं उगाच तपासत उभे राहायचे. गाडी वळून आत आली की आधी मागचे टायर बघायचे आणि मग सुनेकडे. झिजलेल्या टायरवर घरची पोर रोज पावसात पाठवायची आणि इथे बापलेकांनी तत्त्वाच्या गप्पा मारायच्या, याची त्यांना चीड यायची. ती चीड ते अर्थात ललितवर काढायचे.

ऑगस्टमध्ये ललित चार दिवस पुण्याला ट्रेनिंगला गेला. रविवारी सकाळी गोपीनाथांनी किल्ली घेतली आणि गाडी थेट तलासरीला काकड्याकडे नेली.

काकड्याचं हायवेलगत टायरचं दुकान. डोंगराकडच्या पाड्यावरचा माणूस, ट्रकांचे टायर बदलता बदलता तीस वर्षांत असा तयार झालेला की नुसता तळवा फिरवून टायरचा दोष सांगायचा. गोपीनाथ त्याला मानत. त्यांनी आधीही एकदा त्याला विचारलं होतं की कुठलं चांगलं, तेव्हा तो म्हणाला होता, “दोनी चालतंय साहेब. मागं जाडं चालतंय, चारी सारखं चालतंय. काय तं एक ठरवा.”

आज मात्र गोपीनाथांचं वेगळंच काम होतं. निर्णय होईल तेव्हा होईल, पण इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर, आणि मागचेच टायर गुळगुळीत. मग पुढचे चांगले टायर मागे आणि मागचे पुढे, एवढं आज करून टाकू. आयुष्यभर जे केलं तेच.

काकड्याने पाना खाली ठेवला. “असा नाय कराचा, साहेब. जाडा पुढं अन् बारीक मागं, हा एकच खोटा हाय.”

“अरे, तात्पुरतं. आठ दिवस.”

“पावसात पुढचा धरील अन् मागचा सोडील.”

“पुढे गुळगुळीत आहेत, ते काय धरणार? आणि काकड्या, चौतीस वर्षं चाकं बघितलीयेत मी.”

“झिजला तरी जाडा तो जाडाच, साहेब.” काकड्याने जॅक लावला. चारही चाकं बदलून झाल्यावर तो एवढंच म्हणाला, “तुमी सांगता म्हणून. हळू चालवा, अन् जो चालवील त्याला सांगा.”

परत येताना ऊन पडलं होतं, रस्ता कोरडा होता आणि गाडी गुणी मुलासारखी चालली. गोपीनाथ खूश झाले. घरी कुणाला काही सांगायचं नाही, ललित आला की त्याला दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं. श्रुतिकाला सांगायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. तिचा टायरशी काय संबंध?

सोमवारी दुपारपासून पाऊस कोसळत होता. पावणेचारला फोन वाजला.

“बाबा, मी श्रुतिका. मला काही झालं नाहीये, आधी ते ऐका. गाडी झरीच्या पुढे शेतात गेलीये.”

गोपीनाथ जुनी गाडी घेऊन निघाले. गिअर दोनदा चुकीचा पडला. पोहोचले तर काळी गाडी रस्त्याकडे तोंड करून भाताच्या खाचरात बसलेली, चाकं अर्धी चिखलात. वळणावर मागची बाजू सुटली होती आणि गाडी अख्खी फिरून बांधावरून खाली गेली होती. समोरून ट्रक आला असता तर, हा विचार त्यांनी अर्ध्यावरच तोडला. श्रुतिका मोरीच्या कठड्यावर बसली होती, डावा कोपर सुजलेला, साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. शेजारी शेताची मालकीण हिराबाई डोक्यावर इरलं घेऊन उभी होती. तिने पोरीला पाणी पाजलं होतं, आणि आता गोपीनाथांना फैलावर घेत होती.

“माझा भात झोपवलान् तुमच्या गाडीनी! पोर वाचली म्हणून बरा. अशी कशी गाडी देतात पोरीला?”

गोपीनाथांनी मान खाली घातली. रुंद टायर पुढे होता, अरुंद मागे. सगळं त्यांनीच केलेलं, आणि सगळं समोर दिसत होतं.

दोराने गाडी काढून काकड्याकडे पोहोचवेपर्यंत अंधार पडला. दवाखान्यात कोपराचा एक्स-रे काढून झाला, हाड शाबूत होतं. घरी आल्यावर श्रुतिकाने ललितला फोन लावून स्पीकर चालू केला. ऐकून तो भडकला.

“कुणी बदलले टायर? त्या काकड्याला सोडत नाही मी! उद्या येतो आणि—”

“त्याला काही बोलू नकोस,” गोपीनाथ म्हणाले. “तो नको म्हणत होता. मी करायला लावलं.”

मग ललित म्हणाला, “बाबा, म्हणून मी बोंबलत होतो ना, रुंद मागेच पाहिजेत म्हणून!”

आणि काय सांगावं, गोपीनाथांनाही राहवलं नाही. “चारही सारखे घेतले असतेस तर मागचं पुढे घातलं म्हणून काय बिघडलं असतं? मूळ चूक—”

“मूळ चूक? कंपनीचे लोक वेडे आहेत का?”

“कंपनी झरीच्या रस्त्यावर राहत नाही!”

श्रुतिकाने चांगल्या हाताने फोन उचलला आणि बंद केला.

“बाबा, ही गाडी कोण चालवतं?”

“तू.”

“जूनमध्ये मी सांगितलं होतं, ओल्या वळणावर मागून सुटल्यासारखं वाटतं. तुम्हाला एकदा, ललितला एकदा. ललितने मला व्हिडिओ दाखवला. तुम्ही आकृती काढून दिलीत. कुठे सुटते, किती वेगाला सुटते, दोघांपैकी एकाने विचारलं नाही. आणि काल चाकं बदललीत, तेही मला सांगितलं नाहीत.”

ती आवाज चढवून बोलली नव्हती. चढवला असता तर बरं झालं असतं.

यार्डातला त्यांचा पहिला दिवस होता तेव्हा मुकादमाने त्यांना एकच गोष्ट शिकवली होती. चाकाची तक्रार आली की आधी ड्रायव्हरला विचारायचं, गार्डला विचारायचं, कुठे वाजलं, कधी वाजलं, आणि मगच खाली वाकायचं. चौतीस वर्षांत हा नेम त्यांनी एकदाही मोडला नव्हता. परक्या ड्रायव्हरांना चहा पाजून पाजून विचारलं होतं. इथे ड्रायव्हर रोज समोर बसून जेवत होती आणि दोन महिन्यांत त्यांनी तिला विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःचा इतका राग आला की त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले.

“आता विचारतो,” ते म्हणाले. “कुठले टायर घ्यायचे, तू सांग.”

“चारही सारखे,” श्रुतिका लगेच म्हणाली. तिचं कधीच ठरलेलं होतं. “मला शर्यत लावायची नाही, पन्नासच्या वर मी जात नाही. पाण्यातून जाणारे पाहिजेत, आणि एक बसला तर तलासरीत मिळाला पाहिजे. तुमचंच बरोबर होतं, बाबा.”

हे एक वाक्य ऐकायला गोपीनाथ दोन महिने तडफडत होते. आता ते ऐकलं, आणि मान वर करून तिच्याकडे बघणंही त्यांना जड गेलं.

“उद्याच काकड्याला सांगतो. दोन दिवसांत बसवून घेतो.”

“सांगा. पण बसवताना मी तिथे उभी राहणार,” ती म्हणाली आणि कोपर सांभाळत उठली. “तोपर्यंत मी एस.टी.ने जाईन. तुम्ही सोडायला येऊ नका.”