बुधवारची रात्रपाळी

उत्तरेश्वर बारबोले बार्शीकडचं गाव सोडून पुण्याला आला आणि धायरीत खोली घेऊन राहिला, तेव्हा आयटीचं वारं नुकतंच सुटलं होतं. कंपनीत त्याचं काम असं, की नवा माणूस रुजू झाला की सॉफ्टवेअरमध्ये त्याचं खातं उघडायचं आणि त्याच्या सुट्ट्या, हजेरी, घड्याळ सगळं लावून द्यायचं.

ते सॉफ्टवेअर अमेरिकेतून आलेलं. सगळ्यांसाठी ठरलेली वेळ, म्हणजे डिफॉल्ट, शिकागोची. पुण्यात डबे उघडायची वेळ झाली तरी पडद्यावर आदली रात्रच चालू असायची. उत्तरेश्वरला ते सोसेना.

"बसतो पुण्यात, पाणी पितो खडकवासल्याचं, आणि वेळ शिकागोची पाळायची?" असं तो दिसेल त्याला विचारी.

मनुष्यबळ विभागाच्या हेमा मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या होत्या, "बारबोले, तुमच्या गावाला वेळ असते का हो? की नुसता काळ असतो?"

पण गडी हटला नाही. वर्षभर मागे लागून त्याने डिफॉल्ट पुण्याची करून घेतली आणि त्या दिवशी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. खाली आणखी एक छोटा पर्याय होता, ज्याला हवी त्याने आपली वैयक्तिक वेळ निवडावी असा. तो मात्र त्याने कुलूप लावून बंद केला. एका घरात दोन घड्याळं कशाला, असं त्याचं मत.

एका दुपारी निकिता मेश्राम त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. भंडाऱ्याकडची पोर, शिकागोच्या गिऱ्हाइकांसाठी रात्रपाळी करणारी, अजून कच्च्या नोकरीवर.

"सर, मी एकही पाळी चुकवली नाही. तरी सगळे अर्धे दिवस लागले आहेत. शुक्रवारी मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार आहे. मॅडम म्हणतात, अर्ध्या हजेरीची मुलगी ठेवून काय करू?"

"तू कार्ड नीट लावत नसशील."

"लावते सर. येताना पण, जाताना पण. बघा तरी."

त्याने बघितलं. निकिता बुधवारी संध्याकाळी येई आणि पाळी संपवून गुरुवारी पहाटे जाई. मध्ये मध्यरात्र झाली की सॉफ्टवेअर पुण्याच्या वेळेप्रमाणे तारीख बदलून मोकळं. म्हणजे बुधवारी आलेली मुलगी बुधवारी गेलीच नव्हती, आणि गुरुवारी पहाटे गेलेली त्याआधी गुरुवारी आलीच नव्हती. दोन्हीकडे अर्धा दिवस लागला होता. शिकागोच्या घड्याळात तिची पाळी सकाळी सुरू होऊन दुपारी संपत होती. एकाच दिवसात, अखंड.

उत्तरेश्वरच्या ध्यानात आलं. ज्या घड्याळासाठी पेढे वाटले, त्यानेच पोरीचे दिवस चिरले होते.

त्याला बापाची आठवण आली. कालव्याच्या पाण्याची त्यांची पाळी बुधवारी रात्री असायची. पाणी देता देता उजाडायचं, पण बाप कधी म्हणाला नाही की हे गुरुवारचं पाणी. "आरं, पाळी धरली त्या वाराची. मधी बारा वाजू दे न्हायतर दोन." गावात कुणी त्यावर वाद घातला नव्हता.

तो तसाच उठून हेमा मॅडमकडे गेला.

"मॅडम, निकिताचे दिवस पुरे आहेत. मोजणारं घड्याळ चुकीचं आहे."

"कुठलं? तुमचं पेढेवालं?"

"तेच."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "मग पुन्हा शिकागो करून टाका. आम्ही काय, सवय होती आम्हाला."

बोलणं वर्मी लागलं, पण त्याने गिळलं. "नको. डिफॉल्ट पुण्याचीच राहू द्या. ज्याने काही सांगितलं नाही, त्याच्यासाठी ती असते. रात्रपाळीच्या लोकांना त्यांची स्वतःची वेळ निवडू द्या. ते कुलूप मीच लावलंय, मीच काढतो."

"आणि झालेली हजेरी?"

"कार्डाच्या नोंदी आहेत तशाच आहेत. नुसता मधला बांध सरकवायचा. आमच्याकडं बांध सरकला की दोन पिढ्या कोर्टात जातात, इथं एका क्लिकचं काम हाय." घाईत त्याच्या तोंडून 'हाय' निसटलं. मॅडमनी ते ऐकलं, पण या वेळी टोमणा मारला नाही. "करा," एवढंच म्हणाल्या.

त्याने कुलूप काढलं, पण निकिताची वेळ स्वतः बदलली नाही. तिलाच बोलावून खुर्चीत बसवलं.

"तुझी वेळ आहे, तू निवड. मात्र पडद्यावर सगळीकडे शिकागो दिसेल. चालेल?"

"पण माझा मोबाइल पुण्याच्याच वेळेवर राहील ना सर?"

"राहील की."

"मग चालते."

तिने यादीतून शिकागो निवडलं. पडदा क्षणभर कोरा झाला, आणि मग तिचे अर्धे दिवस एकेक करून पुरे होत गेले. निकिता एकेका ओळीवर बोट ठेवून बघत राहिली.

शुक्रवारी हेमा मॅडमनी दोघांना आत बोलावलं आणि कागदावर सही केली.

"मेश्राम, उद्यापासून कायम. आता कुठल्या गावच्या उद्यापासून, ते तुम्ही आणि बारबोले बसून ठरवा."

निकिता हसायला गेली आणि तिला रडूच आलं. उत्तरेश्वर तिच्यासाठी पाणी आणायला बाहेर पडला. तिथून तो थेट रात्रपाळीच्या बाकीच्या लोकांची खाती उघडायला बसला, आणि पाणी शेवटी मॅडमनाच आणावं लागलं.