स्पॅनिशमध्ये पास, नम्रतेत नापास

मिशनरी होणाऱ्या माणसाने राग साठवू नये म्हणतात. मी दहा महिन्यांत एवढा साठवलाय की सुटकेसमध्ये मावायचा नाही! रोज संध्याकाळी मी आणि माझी रूममेट ग्रेस खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, चहाला बसायचो आणि बसल्या बसल्या मी सुरू व्हायचे, "आज काय झालं माहितीये?" ग्रेस फिलिपिन्सची, स्वभावाने थंड. एक दिवस ती म्हणाली, "रूथ, हे सगळं लिहून काढ. नाहीतर तू एखाद्याला चावशील."

म्हणून लिहितेय.

मी रूथ साळवे. नेवाशाजवळच्या गावची, वय सव्वीस. शाळेत चार वर्षं गणित शिकवलं, मग सेवेला जायचं ठरवलं. संस्था म्हणाली, तुला पेरू देशात पाठवू, पण आधी सिंगापुरात ट्रेनिंग आणि स्पॅनिश. (आईला अजून वाटतं, मी फळं विकायला चाललेय.) तिथल्या गेलांग भागातल्या एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचे वर्ग भरायचे. आम्ही नऊ जण. प्रमुख होते अंकल सायमन. सिंगापूरचेच, साठीचे, कायम कडक इस्त्री, कायम हसरे. पहिल्या दिवशीचं त्यांचं पहिलं वाक्य, "मिशनरी नेव्हर गेट अँग्री, ओके?"

मी ओके म्हणाले. दुपारपर्यंत टिकलं.

*

दुपारी फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना: 'ख्रिस्ती होण्याआधीचा धर्म.' मी कोरा सोडला.

अंकलनी फॉर्म परत दिला. "यू मस्ट पुट समथिंग."

"आधीचा नाहीच अंकल. आईवडील, आजोबा, पणजोबा, सगळे ख्रिस्तीच."

"यस यस, बट बिफोर दॅट?"

"बिफोर दॅट मी नव्हते!"

माझ्या शेजारी ऑस्ट्रेलियाचा जोश बसला होता. त्याचा फॉर्म मी डोकावून पाहिला. तोच रकाना, तसाच कोरा. त्याचा चालला!

*

दुसऱ्या महिन्यात 'साक्ष' लिहायची होती. म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं, ते पाच मिनिटांत सांगायचं. मी लिहिलं: बाबा गणिताचे शिक्षक, आता रिटायर झालेत. आई शिवणकाम करते. रविवारी आजोबा चर्चमध्ये पेटी घेऊन कीर्तन करायचे, मी पुढच्या सतरंजीवर बसायचे, आणि मला देव पहिल्यांदा तिथेच भेटला.

अंकलनी वाचलं. "नाइस. बट व्हेअर इज द डार्कनेस?"

"कसला डार्कनेस?"

"फादर ड्रिंक?"

"नाही."

"बीट यू?"

"एकदा. नवाचा पाढा चुकला म्हणून."

त्यांनी ते लिहून घेतलं! मला वाटलं, गंमत म्हणून घेतलं असेल.

पुढच्या बुधवारी रॅफल्स प्लेसला एका ऑफिसात नेलं. तिथे जेवणाच्या सुट्टीत प्रार्थनेचा गट जमायचा. अठ्ठाविसावा मजला, गार एसी, सँडविच. अंकलनी माझी ओळख करून दिली, "ही रूथ. भारतातल्या खेड्यात, वडिलांचा मार खात वाढलेली."

बायका हळहळल्या. एकीने तर माझा हातच धरला. माझे बाबा! ज्यांनी मला सायकलवर डबलसीट बसवून परीक्षेला नेलं, जे तो एक पाढा सोडला तर 'गधडे'च्या पुढे कधी गेले नाहीत, ते! माझ्या कानांतून वाफा निघायला लागल्या. मी माइक घेतला आणि म्हणाले, "माझे वडील आत्ता घरी आहेत. त्यांनाच विचारू." आणि फोन लावून स्पीकरवर टाकला.

"हां, बोल गं बाळा. जेवलीस का?"

"बाबा, तुम्ही मला मारायचात का?"

अख्खी खोली कान देऊन.

"नवाचा पाढा येतो ना आता?" बाबा म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, भाषांतर होईल म्हणून. मी हसत होते की रडत होते, ते मलाच सांगता येईना!

*

मग आमचा 'ग्रामीण जीवन' कॅम्प. बमबोटीने, म्हणजे छोट्या लाकडी मोटारबोटीने, पुलाउ उबीन बेटावर गेलो. तिथे मला एक छापील कागद मिळाला: 'आग कशी पेटवावी, सात पायऱ्या.' चुलीपुढे बसून मोठी झालेली मी! अंकल तिसऱ्या पायरीवर होते तेव्हा माझं पाणी उकळलं होतं. "सिस्टर रूथ, प्लीज फॉलो द स्टेप्स," ते म्हणाले.

दुपारी नाटक. मी खेडूत बाई, जोश मिशनरी. त्याने मला पंधरा मिनिटांत पटवायचं. 'खेडूत' मलाच का? "तुला नॅचरल जमेल!" अंकल म्हणाले.

बरं! बसले झाडाखाली. जोश आला. माझ्याकडे न बघताच पाठ केलेलं बोलायला लागला. मी विचारलं, "तुझं नाव काय? आईवडील कुठे असतात? माझ्यापुढे उभा राहून तू मला माझं नावसुद्धा विचारलं नाहीस." तो गडबडला. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मी म्हणाले, पटलं नाही. पंधरा मिनिटं झाली, पटलं नाही. चाळीस मिनिटं झाली, तरी नाही! बिचाऱ्याच्या शर्टातून घाम निथळत होता.

शेवटी अंकल मध्ये पडले. "सिस्टर, इन दिस एक्सरसाइज यू मस्ट ॲक्सेप्ट."

"का?"

"लंच इज रेडी!"

*

हा किस्सा संस्थेतला नाही, पण राग तोच.

हार्बरफ्रंटला जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवला तर समोरचे एक गृहस्थ एकदम खुललेले. खांद्याला लॅपटॉपची बॅग, शेजारी बायको. "अहो, मराठी! कुठल्या तुम्ही? आम्ही पुण्याचे, कोथरूड."

मलाही बरं वाटलं. किती दिवसांनी कुणी 'अहो' म्हणालं होतं! म्हटलं, नगर जिल्हा. मग हवा, भाजी, इथे थालीपीठाची चांगली भाजणी कुठे मिळते, सगळं झालं. वहिनी म्हणाल्या, गणपतीत घरी या, मोदक करते.

"आयटीत का?" त्यांनी विचारलं.

"नाही, चर्चचं ट्रेनिंग आहे. मी ख्रिस्ती आहे."

"अच्छा." वहिनी दारावरचा स्टेशनांचा नकाशा वाचायला लागल्या. तीन स्टेशनं तोच वाचत होत्या. गृहस्थांना मग अवघडल्यासारखं झालं असावं. उतरताना मनापासून म्हणाले, "पण मराठी फार छान बोलता हं तुम्ही!"

"तुम्हीपण!" मी म्हणाले.

*

आता नेलीबद्दल. नेली आमची स्पॅनिशची बाई, पन्नाशीची, मूळची पेरूच्या डोंगरातली. सिंगापूरच्या माणसाशी लग्न करून वीस वर्षं इथे. आम्ही तिला 'प्रोफे' म्हणायचो, स्पॅनिशमध्ये 'मॅडम'. या सगळ्या ट्रेनिंगमध्ये माझा राग एकाच तासाला शांत असायचा, तो तिच्या. एकदा मी तिला दाखवलं की साबण, चावी, पाव हे आमचे शब्द तिच्या स्पॅनिश शब्दांचे भाऊबंद आहेत, पोर्तुगीज लोक ठेवून गेलेत. ती म्हणाली, "नशीबवान आहात. आमच्याकडे जे स्पॅनिश लोक आले ते ठेवून गेले नाहीत, घेऊन गेले."

आठव्या महिन्यात तिने सहज विचारलं, "तुला नेमकं कुठे पाठवतायत?" मी गावाचं नाव सांगितलं. तिने खडू खाली ठेवला.

"तिथे माझी आजी राहायची. तिला स्पॅनिश यायची नाही. तिथल्या म्हाताऱ्या बायकांना अजूनही येत नाही. त्या केचुआ बोलतात, डोंगरातली जुनी भाषा. माझी आई शाळेत केचुआ बोलली म्हणून तिला उन्हात उभं केलं होतं, स्पॅनिश येईपर्यंत."

आठ महिने! आठ महिने मी क्रियापदं घोकली, ती त्याच भाषेची, जिच्यासाठी प्रोफेच्या आईला उन्हात उभं केलं! तडक अंकलच्या खोलीत गेले.

"आयया, स्पॅनिश इज इनफ लाह," अंकल त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले. "दे विल लर्न."

"म्हणजे आपण त्यांच्या घरी जायचं, आणि भाषा त्यांनी शिकायची?"

"रूथ, यू आर अँग्री अगेन."

"हो!"

खाली आले तर नेली जिन्यातच थांबली होती. मी म्हणाले, "प्रोफे, मला केचुआ शिकवा. मधल्या सुट्टीत, जेवताना, कधीही." ती तिथेच पायरीवर बसली. मग म्हणाली, "पहिला शब्द कुठला हवा?"

"'नाही' शिकवा."

"मानान," नेली म्हणाली.

*

शेवटच्या परीक्षेचा निकाल आधीच सांगते. भाषा: उत्तम. नम्रता: असमाधानकारक. पेरूला जाणं सहा महिने पुढे ढकललं. त्या दिवशी झालं ते असं.

तोंडी परीक्षेला पेरूतल्या कामाचे प्रमुख खास आले होते, रेव्हरंड मार्टिन. गोरे, उंच, वीस वर्षं तिकडेच राहिलेले. परीक्षक तिघं: ते, अंकल आणि नेली. मी आत गेले तेव्हा नेली टेबलाच्या टोकाला कागद लावत बसली होती. रेव्हरंड आले, सगळ्यांशी हात मिळवत पुढे सरकले. नेलीपाशी आल्यावर तिचा चेहरा पाहिला आणि हात मागे घेतला. हसून स्पॅनिशमध्ये म्हणाले, "पोरी, जरा कॉफी आण गं."

स्पॅनिशमध्येही आपल्यासारखं 'तू' आणि 'तुम्ही' असतं. त्यांनी 'तू' वापरलं. पन्नाशीच्या बाईला, परीक्षकाला!

आणि नेली उठली. खुर्ची मागे सारून उठली. ती उठली, तेच मला बघवलं नाही.

"बसा, प्रोफे," मी म्हणाले. पुढचं सगळं स्पॅनिशमध्ये निघालं, कुठे अडखळले नाही, थांबले नाही. "रेव्हरंड, या आमच्या शिक्षिका आहेत आणि आज माझी परीक्षा घेतायत. कॉफीचं मशीन दाराबाहेर उजवीकडे आहे. तुम्ही जा. यांच्यासाठीही आणा, दोन चमचे साखर घालून."

अंकल पंख्याकडे बघत होते. रेव्हरंडचे कान लाल झाले. त्यांनी अंकलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खरोखरच दाराकडे निघाले.

नेली सावकाश खाली बसली. कागद सरळ केले, चष्मा लावला. ते दारात पोचले तेव्हा मान वर न करता म्हणाली,

"बिनसाखरेची."