कासोतेच्या किनाऱ्यावर पाहुणे

तळ्यातली मासळी आटली आणि कासोते गावातली तरणी माणसं खाणींकडे निघून गेली. आता राजधानी लुसाकाचे हबेन्झू साहेब किनाऱ्यावर वीस खोल्यांचं हॉटेल काढणार होते. जागा बघायला ते बायको-मुलीला घेऊन आले. स्वयंपाक नामोंजेकडे होता. तिचा मुलगा चिसांगा गावसमितीचा सचिव. त्याने तिला सकाळीच बजावलं, "आई, मगरीचं नाव काढायचं नाही."

"आणि तुझी मावशी कशाने गेली रे?"

"जुनं झालं ते."

"मेलेलं माणूस जुनं होतं होय?"

"साहेब परत गेले तर मीही खाणीवर जाणार. मग बस एकटी."

नामोंजेने चूल पेटवली.

जेवणं चालू होती. गावप्रमुख वीज येणार म्हणून सांगत होते. तेवढ्यात साहेबांची पोर हात धुवायला म्हणून पाण्याकडे पळाली. घोट्याएवढ्या पाण्यात गेली, मग गुडघ्याएवढ्या. नामोंजेने चिसांगाकडे पाहिलं. त्याने मान फिरवली. पाणी अगदी शांत होतं. कदाचित काही नसेलही.

तिच्या हातातला डाव गळून पडला. "बाहेर ये! मगर आहे!" ओरडत ती धावली आणि पोरीचं मनगट धरून तिला फरफटत वाळूवर आणलं. पोरीने भोकाड पसरलं. पाण्यातून काहीच वर आलं नाही.

साहेबांनी चिसांगाला विचारलं, "इथे मगर आहे?"

त्याने आईकडे पाहिलं.

"आहे," नामोंजे धापा टाकत म्हणाली. "माझी धाकटी बहीण इथेच धुणं धुताना गेली."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"तुम्ही राहावं म्हणून, साहेब," ती म्हणाली.

ताटं तशीच टाकून पाहुण्यांनी गाडी काढली. गावप्रमुखांची बायको नामोंजेच्या तोंडावर म्हणाली, "आमच्या पोरांच्या तोंडचा घास काढलास!" चिसांगा जेवला नाही. त्याच आठवड्यात तो खाणीवर गेला.

पावसाळा सरला आणि साहेब पुन्हा आले. मगरीचं आधीच कळल्यामुळे बेत बदलला होता: खोल्या आठच, त्याही वर टेकडीवर, आणि पाण्यात पोहण्यापुरत्या जागेला लोखंडी जाळी. वीस खोल्यांची आशा धरलेले लोक नामोंजेला अजून बोल लावत होते. साहेबांच्या बायकोने तिला हॉटेलचं स्वयंपाकघर सांभाळायला बोलावलं. तिने आधी चिसांगाला फोन लावला.

"इथे काम निघालंय. येतोस?"

पलीकडे खाणीतल्या यंत्रांचा खडखडाट चालू होता.

"पगार किती देतात?" त्याने विचारलं.

"तूच येऊन विचार की," ती म्हणाली.